ढब्बूला खाली आणताना

१२ जानेवारी

अहो आई,

नमस्कार. अक्षर ओळखूनही पाकीट उघडलंत, म्हणजे राग थोडा तरी उतरला असेल असं मी धरून चालते. फोन केला की ताई उचलतात आणि "आई आंघोळीला गेली आहे" म्हणतात. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, दिवे लागले तरी आंघोळच. एवढ्यानं माणूस विरघळायचा. लेकीकडे पाहुणचार चालला आहे की धुलाई, हे कळेना, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

ढब्बू मजेत आहे. गाल इतके वर आलेत की हसली की डोळे दिसत नाहीत. तुम्ही ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं आहे की खऱ्या नावानं हाक मारली तर ती ढुंकूनही बघत नाही. बंद पंख्याशी तिचं काहीतरी वाजलं आहे, त्याच्याकडे बघून तावातावाने बोलत असते. या बाबतीत ती आजीवर गेली, असं तुमचे चिरंजीव म्हणतात. मी नाही म्हणत.

आई, जाताना तुम्ही दारात जे बोललात ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "मी हे तीन मजले पुन्हा चढायची नाही. नात दाखवायची असेल तर तिनं स्वतः खाली आणून माझ्या हातात द्यावी. इतके दिवस राहिले, एकदा तरी स्वतःच्या हातानं बाळ माझ्या हातात दिलं का? 'ती बघा, तिथे आहे, घ्या.' पोर आहे की पिशवी?" लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तुमच्या चिरंजीवांच्याच इमारतीला लिफ्ट नसावी, या विनोदावर तुमचे गुडघे कधीच हसले नाहीत, ते मला माहीत आहे. पण ते पिशवीचं वाक्य गुडघ्यांचं नव्हतं.

सून आयतोबा आहे, सासूला राबवून स्वतः लांब बसते, असं तुम्हाला वाटलं. तुमच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, वर दोन शब्द जास्त. पण कारण वेगळं आहे. माझी पाठ धरली आहे. बाळंतपणापासून वजन उचलवत नाही. दवाखान्यात दर मंगळवारी बाळंतिणींच्या व्यायामाचा वर्ग असतो, तिथे जाऊ लागले आहे. ढब्बूला चिरंजीव उचलून नेतात, मी कठडा धरून मागून येते. तिची आंघोळही तेच कामावर जाण्याआधी उरकतात. बरंच जमायला लागलं आहे त्यांना, फक्त कानामागे साबण राहतो.

पाठ बरी झाली की ढब्बूला घेऊन खाली येईन. तोवर रागवा, पण फोन घ्या.

तुमची सून


२ फेब्रुवारी

अहो आई,

तुमचं कार्ड मिळालं. सगळा जन्म बसमध्ये कंडक्टर होतात, विनातिकीट माणूस तुम्हाला मागून नुसती मान बघून ओळखू यायचा, हे मी विसरलेच. ना नमस्कार, ना आशीर्वाद, एकच ओळ. "व्यायामाला जाताना पिशवीत रुमालांचा गठ्ठा कशाला लागतो?" म्हणजे चिरंजीवांनी चुगली केली. त्यांना मी बघून घेते.

बरं, व्यायाम नाही. बाळंतपणात किंवा त्याआधी ज्यांचं मन ताळ्यावर राहत नाही अशा बायकांचा गट आहे. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसायचं आणि बोलायचं. मध्ये चटई, चटईवर पोरं. खोली दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे, भिंतीवर दातांची निगा कशी राखावी याचं मोठं चित्र आहे, आणि आमच्या पोरांपैकी एकालाही दात नाही. गट चालवणाऱ्या समुपदेशक आहेत, त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो. फार कमी बोलतात. तुमचं आणि त्यांचं जमणार नाही.

तिथलं बाहेर बोलायचं नसतं, पण मी सगळ्यांना विचारून लिहिते आहे. "सासूला सांगायचं आहे" म्हटल्यावर सगळ्यांनी लगेच परवानगी दिली, वर माझ्याकडे दयेनं बघितलं. एकजण बँकेत कॅशियर आहे, पोटुशी. मागच्या वेळी दिवस भरत आले असताना गेलं, म्हणून या वेळी तिनं घरात टोपडंसुद्धा येऊ दिलेलं नाही. एकजण शाळेत गणित शिकवते. ती आल्यापासून फक्त "मी ठीक आहे" एवढंच म्हणते आणि आम्ही सगळ्या मान डोलावतो. आणि एक बेकरीत काम करते. तिचा मुलगा ढब्बूच्याच वयाचा, त्याला ती साहेब म्हणते, कारण सगळं घर त्याच्यापुढे हात बांधून उभं असतं. ती सांगते, "पावाचे ट्रे भरावेत तसं त्याचं सगळं वेळच्या वेळी करते. पण आत काही म्हणजे काही हलत नाही." हे सांगताना ती रडत नाही. ऐकताना आम्ही रडतो. रुमाल त्यासाठी.

बाईंचा एक नियम आहे. अर्धा वेळ झाला की पोरं बदलायची, आपलं पोर दुसरीच्या मांडीवर. आपलं पोर मांडीवर असलं की आई त्याच्या तोंडाकडे बघत शहाण्यासारखं बोलते, दुसरीचं असलं की खरं बोलते, असं त्यांचं म्हणणं. मला पहिल्यांदा हे खूळ वाटलं होतं. माझ्या वाट्याला बहुतेक साहेब येतो. चांगलाच वजनदार गडी आहे. त्याला खांद्यावर टाकून मी खोलीभर फेऱ्या मारते, ढेकर काढते, खिडकीतून खालच्या गाड्या दाखवते.

मी तिथे पाठीबद्दल बोलते. आणि झोप येत नाही त्याबद्दल.

तुमची सून


२४ फेब्रुवारी

अहो आई,

दुसरं कार्ड मिळालं. "साहेबाला खांद्यावर टाकताना पाठ दुखत नाही?"

नाही दुखत. पाठ ठणठणीत आहे. पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती. आता सगळं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहायची नाही.

ढब्बूला घरी आणून थोडेच दिवस झाले होते. तिला घेऊन मी दाराबाहेर आले, जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले, आणि मला दिसलं की माझे हात सुटले. सुटले नव्हते, ती माझ्या हातातच होती. पण दिसलं, आवाजासकट. मी घरात येऊन तिला गादीच्या मधोमध ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. त्यानंतर ते कुठेही दिसायला लागलं. खिडकीपाशी, मोरीत, ओट्याजवळ. मी काचा कापणारी बाई आहे, आई. फ्रेमच्या दुकानात दाराएवढी काच एकटी उचलून माडीवर नेली आहे, कधी टवकासुद्धा उडू दिला नाही. आणि उशीएवढ्या पोरीला हात लावायचा म्हटलं की घाम फुटायचा.

तुम्ही हात पुढे करायचात ना, "दे इकडे" म्हणून, तेव्हा माझे हात आणि तुमचे हात यांच्यामध्ये जी एवढीशी जागा राहते, तिथेच ती पडेल असं वाटायचं. म्हणून मी म्हणायचे, ती बघा, तिथे आहे, घ्या. पिशवी म्हणून नव्हतं ते. तुम्ही उचललीत की मला श्वास घेता यायचा. तुम्ही गेलात त्या दिवशी मला तुमचा राग आला नाही, भीती वाटली, की आता दिवसभर तिला उचलणारं कोणीच नाही.

सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात की ही पोरीला मारेल, तिला हिच्यापासून लांब ठेवा. निदान मला तसं वाटलं. चिरंजीवांनाही पाठच सांगितली होती.

गटात मी हे बोलले तेव्हा मांडीवर साहेब होता. बाईंनी विचारलं, "असं दिसलं की तुम्ही काय करता?"

म्हटलं, "तिला खाली ठेवते आणि लांब जाते."

"म्हणजे तिला जपता," बाई म्हणाल्या. मग त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. असं ज्यांना दिसतं अशा आया खूप असतात, भीतीनं सांगत नाहीत एवढंच, असं त्यांनी समजावलं. एक गोळी दिली आहे. आणि त्याच दिवशी गटात गणिताच्या बाई, त्या "मी ठीक आहे"वाल्या, खुर्चीतून उठून म्हणाल्या, "मला सुरी दिसते." तेवढंच बोलून बसल्या. त्यांचं पोर त्या वेळी कॅशियरच्या मांडीवर गाढ झोपलं होतं.

आता मागच्या मंगळवारचं ऐका. खोलीतला हीटर बंद पडला होता, म्हणून बाईंनी सगळ्या पोरांना दवाखान्याच्या एकसारख्या कांबळ्यांत गुंडाळलं, डोक्यावर एकसारख्या टोप्या. साहेब माझ्याकडे, ढब्बू बेकरीवालीकडे. गट सुटला. दर वेळी चिरंजीव वर येऊन ढब्बूला घेतात, पण त्यांचा फोन आला की वॉचमन गाडी हलवायला लावतो आहे, थांब, येतो. मी थांबणारच होते. तेवढ्यात कॅशियर हळूच जवळ येऊन म्हणाली, "एक छोटी फ्रेम हवी आहे. रिकामीच. घरात ठेवायला." आई, टोपडं न आणणारी बाई फ्रेम मागत होती! तिला काच कुठली लावावी हे मी सांगायला लागले, आणि काचेवर बोलायला लागले की मी थांबत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ती चालायला लागली तशी मीही बोलत बोलत तिच्याबरोबर जिना उतरायला लागले.

मधल्या वळणावर मी हवेत बोटानं तिला फ्रेमचं माप दाखवत होते. एका हातानं. दुसऱ्या हातात पोर. आणि मला एकदम जाणवलं की मी जिन्यात आहे, आणि काहीच दिसत नाही. भीती कुठे गेली? मी कांबळं बाजूला केलं. आत साहेब, ओठ चोखत झोपलेले. गट सुटताना पोरं परत बदलायची राहूनच गेली होती.

स्वतःचं पोर ओळखू न येणारी ही कसली आई, एवढंच डोक्यात. इतक्यात वरून किंकाळी आली, "माझा साहेब! माझा साहेब कुठाय?" बेकरीवाली धाडधाड उतरत आली, ढब्बू तिच्या छातीशी, लंगोट अर्धा सुटलेला, पाय उघडे. मी म्हटलं, "माफ करा हो, मला कळलंच नाही." ती म्हणाली, "मला तरी कुठे कळलं! लंगोट बदलायला घेतला आणि बघते तर साहेबाचं साहेबपणच गायब!" मग ती हसायला लागली, हसताहसता रडायला लागली, आणि भिंतीला धरून सारखं म्हणायला लागली, "मला घाबरायला झालं. अहो, मला घाबरायला झालं! जीव गेला माझा!" तिला किती महिन्यांत काही वाटलं नव्हतं, आई. आणि आता ती घाबरल्याबद्दल जग जिंकल्यासारखी रडत होती.

तिनं साहेबाला माझ्या खांद्यावरून ओढूनच घेतलं. मग ढब्बूला पुढे केलं. आणि माझे हात वर येईनात. जिन्यात "तिथे ठेवा" म्हणायला जागा कुठे असते? बाई वरून आल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बसूनच घ्या की." म्हणून मी बसले. बेकरीवालीनं ढब्बूला माझ्या मांडीवर ठेवलं. बाईंनी विचारलं, "साहेबाला इथवर कुणी आणलं?"

"मी."

"हात बदलले का मधे?"

बाकीचा जिना मी बसत बसत उतरले, रांगती पोरं उतरतात तसा. साडी धुळीनं माखली. ते मधे दोनदा दिसलं, तरी मी तिला ठेवलं नाही, खालच्या पायरीवर सरकले. चिरंजीव खाली उभे होते, त्यांना वाटलं मी पडले. तिथेच, वॉचमनच्या देखत, त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्या साडीवरची धूळ झटकत राहिले, नंतर धूळ उरली नव्हती तरी झटकत राहिले.

आता तुम्हालाही सगळं कळलं. या बाईजवळ पोर ठेवू नये असं वाटलं तर तसं स्पष्ट लिहा. तुमच्या कार्डावर तेवढं मावेल. पण मला ढब्बू हवी आहे, आई. मला ती मी उचललेली हवी आहे.

तुमची सून


९ मार्च

अहो आई,

कार्ड आलं नाही.

फोन केला तर ताई म्हणाल्या, आई आंघोळीला गेली आहे. या वेळी मला हसू आलं नाही.

मी रोज ढब्बूला घेऊन एक मजला उतरते आणि परत येते. कधी उभ्यानं, कधी बसून. खालच्या मजल्यावरचे काका विचारतात, काही हरवलं का? मी म्हणते, हो, शोधतेय. त्याच्या खाली अजून एकटीनं गेले नाही.

काहीतरी लिहा. रागाचं असलं तरी चालेल.

तुमची सून


१७ मार्च, दुपार

अहो आई,

तुम्ही आतल्या खोलीत घोरता आहात आणि मी इथे तुम्हालाच पत्र लिहिते आहे. चष्म्याच्या घरात ठेवून देईन. तोंडावर सांगायला गेले तर तुम्ही "पुरे झालं" म्हणाल आणि भाजी निवडायला लावाल.

काल तुम्ही न कळवता आलात. चिरंजीव लिफ्टमध्ये अडकलेल्या कुणाला तरी सोडवायला गेले होते. फोन वाजला, उचलला तर तुमचा आवाज, "खाली उभी आहे. चढणार नाही म्हटलं म्हणजे चढणार नाही. आण तिला." आणि फोन ठेवलात. पत्राबद्दल एक शब्द नाही. नंतर जेवताना म्हणालात, असल्या पत्राला कार्डानं उत्तर देत नसतात. मला ते आधी कळवलं असतंत तर काय बिघडलं असतं? एक आठवडा मी जेवले नाही धड.

वरचं तुम्हाला दिसलं नाही, म्हणून सांगते. ढब्बूला घेतलं, दार ओढलं. पहिला मजला रोजच्यासारखा गेला. पुढचा कधी उतरले नव्हते. तिथे वळणावर मला पुन्हा दिसलं, पहिल्या दिवशी दिसलं होतं तसंच, आवाजासकट. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मागे फिरावं, तिला गादीवर ठेवावं आणि खिडकीतून तुम्हाला सांगावं की नाही जमत, परत जा, असं वाटलं. मी वळलेही होते, आई. एक पाय वरच्या पायरीवर टाकलाही होता.

तेव्हा खालून तुमचा आवाज आला. खच्चून भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोहोचायचा तो. "सावकाश उतर गं! तू उतरल्याशिवाय गाडी हलत नाही!"

काकांनी दार उघडून बघितलं. मी बसले, आणि बसत बसत उतरायला लागले. शेवटचा मजला मात्र उभ्यानं उतरले, कारण सासूसमोर ढुंगणावर घसरत जायची लाज वाटली. हे बाईंना सांगायचं आहे, उपचार म्हणून उपयोगी पडेल.

तुम्ही पिशवी खाली ठेवून उभ्या होतात. मी ढब्बूला पुढे केलं आणि हात तिथेच थांबले. तीच जागा, माझ्या हातांच्या आणि तुमच्या हातांच्या मधली. मला वाटलं तुम्ही ओढून घ्याल. तुम्ही घेतलं नाहीत. तुम्ही जवळ आलात, आणि तुमचे हात माझ्या हातांच्या खालून आत घातलेत. माझे हात तुमच्या हातांवर आणि ढब्बू दोघींच्या वर. मध्ये जागाच उरली नाही.

"चालत्या गाडीत आयांची पोरं वर घेतली आहेत मी," तुम्ही म्हणालात. "आधी खालून हात घालायचा. मग आईला सांगायचं. ती आपण होऊन सोडेपर्यंत घ्यायचं नाही. मी म्हणत नाही तोवर सोडू नकोस."

मी मान हलवली.

"धरलंय?"

"धरलंय."

"मी पण धरलंय. आता सोड."

इतके महिने मी ज्या एका गोष्टीला घाबरत होते, ती तुम्ही मला करायला सांगितलीत. आणि मी हात सोडले. ढब्बू तिथेच होती, तुमच्या हातात, तुमच्या चष्म्याकडे बघून तावातावानं भांडत.

मग तुम्ही तिला परत माझ्याकडे दिलंत, तशीच, खालून हात घालून, आणि म्हणालात, "आता तूच घे. मला कठडा लागतो." आणि तुम्ही चढायला लागलात. दर वळणावर गुडघ्याला शिव्या देत, माझ्या मागून, "पुढे चला, पुढे चला" करत. शपथेचं काय झालं, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

आणखी एक राहिलं. मंगळवारी गटाला माझ्याबरोबर या. आठवड्याला एकदा तुम्ही गप्प बसून दाखवाल, यावर कॅशियरचा विश्वास नाही. फ्रेम मी तिला दिली. घरात नेली तिनं, अजून रिकामीच आहे.

ढब्बू उठली वाटतं. तुम्ही झोपा. मी घेते तिला.

तुमची सून